परक्याची कबर



२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, मृतांच्या स्मरणदिनी, नेहमीप्रमाणे आपण सारे दफनभूमीत जमलो होतो. कबरी धुऊनपुसून स्वच्छ केलेल्या होत्या. कुणी चुना काढला होता, कुणी नावे नव्याने रंगवून घेतली होती. झेंडू, शेवंती, गुलाब यांचा नुसता खच पडला होता. मेणबत्त्यांच्या उजेडात ती जागा आपल्या वाड्यांपेक्षाही नांदती दिसत होती. प्रार्थना झाल्यावर पवित्र पाणी शिंपडत आम्ही एकेका रांगेतून फिरलो. पश्चिमेच्या भिंतीलगत एका कबरीवर मात्र ना फूल होते, ना मेणबत्ती. मातीचा उंचवटा पावसाने खचला आहे, लाकडी क्रूस जरा कलला आहे. आमच्यासोबत वेदीसेवक मुले होती. त्यांतल्या एकाने विचारले, "फादर, ही कोणाची?" आम्ही काही बोलण्याआधीच मागून कुणीतरी म्हणाले, "ती आपली नाही रे. परक्याची आहे."

म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. मुलाने विचारले, त्याने सांगितले. पण तो शब्द आमच्याबरोबर घरापर्यंत आला आणि अजून गेलेला नाही. म्हणून या आठवड्याचे हे पान त्या शब्दासाठी.

आधी आमची स्वतःची चूक कबूल करतो. जुलै महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता आणि मध्येच रडत होता. त्याचा धाकटा भाऊ, वय २६, बांधकामावर परांचीवरून पडून गेला होता. दोघे झारखंडचे, सिमडेगा जिल्ह्यातले, आदिवासी, कॅथलिक. प्रेत गावी न्यायला जवळ पैसे नव्हते. ठेकेदाराने काही रक्कम हातावर ठेवली होती, ती तेवढ्याला पुरणारी नव्हती. भावाचे मागणे एकच होते: मिस्सा आणि माती. आणि बंधुभगिनींनो, आमच्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? "तुमच्या गावच्या फादरांचे पत्र आहे का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "फादर, मैं हर इतवार आपके यहाँ आता हूँ. पीछे खड़ा रहता हूँ."

आम्ही त्याला ओळखत नव्हतो. पाच महिने तो आमच्या मिस्साला येत होता आणि आम्ही त्याला ओळखत नव्हतो. पुढे जे झाले ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी भर पावसात दफन झाले. त्याचे आठ-दहा सोबती आले होते. त्यांनी आपल्या भाषेत गाणे म्हटले. आपल्या गावातील चार माणसे कबर खणायला आली. त्यांचे आभार आम्ही तेव्हा मानले नव्हते, आज मानतो.

त्यानंतरच्या आठवड्यात काही वडीलधारी मंडळी आम्हाला भेटायला आली. त्यांचे म्हणणे आम्ही इथे नीट मांडतो, कारण ते हलके नाही. दफनभूमीची जमीन सरकारने दिलेली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी भाजीच्या टोपल्या आणि केळीचे लोंगर विकून पैसे जमवले आणि तो तुकडा घेतला. आज तिथे जागा उरलेली नाही. एक कबर पुन्हा उघडायची तर काही वर्षे थांबावे लागते आणि पावसाळ्यात दोन-तीन मृत्यू लागोपाठ झाले तर कुठे खणायचे हा प्रश्न पडतो. आज एक आला, उद्या दहा येतील. त्यातले एक आजोबा म्हणाले, "फादर, जमीन गेली, विहिरी गेल्या, शेती गेली. आता मेल्यावरची जागासुद्धा द्यायची का?"

या वाक्याला चटकन उत्तर देणाऱ्या धर्मगुरूवर विश्वास ठेवू नये. वसईत काय घडले ते सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी जे आंदोलन उभे राहिले, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे आपल्यातलेच शेतकरी, आपल्यातल्याच बाया रस्त्यावर आल्या होत्या. पाण्याचे टँकर आपल्या बावखलांवरून आणि विहिरींवरून भरून गेले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. आपल्या आईवडिलांची भाषा बोलणारे आता आपल्याच स्टेशनवर शोधावे लागतात. हे दुःख खरे आहे, त्याला संकुचितपणा म्हणून मोकळे होता येणार नाही.

पण आजोबांच्या वाक्यात एक गल्लत आहे, आणि ती आपण सारेच करतो. जमीन ज्याने घेतली आणि विहीर ज्याने आटवली, तो आपल्याकडे कबर मागायला कधी आला नाही. त्याच्या इमारतीवर विटा वाहणारा आला. राग एकावर आहे, दार मात्र दुसऱ्याच्या तोंडावर बंद होते. पहिल्याच्या दारात जाऊन भांडायला अंगात बळ लागते. दुसरा आयताच आपल्या दारात उभा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जवळच्याचा हक्क आधी की गरजवंताचा? जागा एकच असेल तर ती आपल्या माणसाला द्यावी की परक्याला? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्षांत हा प्रश्न आम्ही 'प्रेमाचा क्रम' या नावाने शिकलो. लॅटिनमध्ये ओर्दो आमोरिस. त्या वेळी तो फक्त परीक्षेतला प्रश्न वाटला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी, जे स्वतः कॅथलिक आहेत, स्थलांतरितांच्या वादात हीच कल्पना पुढे केली: आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग आपले देशबांधव आणि त्यानंतर उरलेले जग. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी सांगितले की प्रेमाचा खरा क्रम समजून घ्यायचा असेल तर दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर मनन करावे. दोन महिन्यांनी, २१ एप्रिलला, ते देवाघरी गेले.

आम्ही मग जुनी पुस्तके काढून बसलो. प्रामाणिकपणे सांगायचे तर क्रम आहेच. संत थॉमस अक्वायनस यांना तो मान्य आहे. आईवडिलांचे, मुलांचे, आप्तांचे ऋण वेगळे असते आणि ते टाळून जगाचे कल्याण करायला निघणे हा सद्गुण नव्हे. घरच्यांना उपाशी ठेवून गावजेवण घालणारी माणसे आपण पाहिली आहेत. पण याच विषयावर पुढे लिहिताना संत थॉमस सांगतात की परका जर अगदी निकडीच्या गरजेत असेल आणि स्वतःचा बाप तशा गरजेत नसेल, तर मदत आधी परक्याला करावी. बापाचे उदाहरण त्यांनी मुद्दाम घेतले असावे. क्रम आहे, पण तो नात्याच्या यादीवर डोळे मिटून चालत नाही. समोरच्याची गरज किती मोठी आहे हेही त्यात मोजावे लागते.

संत ऑगस्टीन यांचे म्हणणे आम्हाला त्याहून जवळचे वाटते. प्रेम सर्वांवर सारखेच करायचे, पण मदत सर्वांना पुरत नाही, मग काय करावे? ते म्हणतात, स्थळकाळाच्या योगाने जो तुझ्याशी जोडला गेला, तो जणू चिठ्ठी टाकून तुझ्या वाट्याला आला आहे असे समज. बघा, जवळचा कोण हे तिथे रक्तावरून ठरत नाही. झारखंडमध्ये हजारो तरुण आहेत, त्या सर्वांची जबाबदारी आपल्यावर नाही. पण यातला एक आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत, आपल्या घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात पडला. चिठ्ठी आपल्या नावाची निघाली.

आणि ख्रिस्तसभेचा कायदा तर याहून रोखठोक आहे. आम्ही धर्मगुरू असून तो आम्हाला त्या रात्री आठवला नाही, याची लाज वाटते. १९८३ च्या धर्मनियमसंहितेप्रमाणे जो तीन महिने एखाद्या धर्मग्रामात राहिला, किंवा निदान तेवढे राहण्याच्या इराद्याने आला, त्याला त्या ठिकाणचा अर्ध-निवासी मानतात (नियम १०२), आणि त्या धर्मग्रामाचा धर्मगुरू हाच त्याचा धर्मगुरू असतो. ज्याला कुठेच ठावठिकाणा नाही, त्याचाही धर्मगुरू तो जिथे आहे तिथलाच (नियम १०७). धर्मग्रामाची स्वतःची दफनभूमी असेल तर तिथल्या मृत श्रद्धावंतांना तिथेच माती द्यायची, त्यांनी वा त्यांच्या माणसांनी दुसरी जागा निवडली नसेल तर (नियम ११८०). म्हणजे तो तरुण पाच महिन्यांपासून आपला धर्मग्रामस्थ होता. आम्ही मागितलेल्या पत्राला अर्थच नव्हता, कारण ते पत्र द्यायला हवे होते ते आम्ही. आपण त्याच्यावर उपकार केले असे ज्यांना वाटते आणि आपण फार उदार झालो असे ज्यांना वाटते, त्या दोघांनाही सांगावे लागेल की आपण फक्त त्याचे त्याला दिले.

यावरून 'स्वागत' या शब्दाविषयीच आमच्या मनात शंका उभी राहिली. पाहुण्याचे स्वागत आपण भारतीय माणसे उत्तम करतो. अतिथीला देव मानायची शिकवण तैत्तिरीय उपनिषदातून आपल्या मातीत मुरलेली आहे आणि ख्रिस्ती झालो म्हणून ती आपण टाकली नाही. पण स्वागत करणारा घराचा मालक असतो. पाहुण्याला चहा मिळतो, चाव्या मिळत नाहीत. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७९५ साली लिहिलेल्या शांततेवरील निबंधात हा फरक केला आहे: परक्याला शत्रू न समजता येऊ देणे हा त्याचा हक्क आहे, दानधर्म नव्हे; पण पाहुणा म्हणून राहणे हा हक्क नाही, त्याला वेगळा करार लागतो. राष्ट्रांच्या बाबतीत ते ठीक असेल. ख्रिस्तसभेत मात्र हे गणित बसत नाही, कारण घर कोणाचे हाच तिथे मूळ प्रश्न आहे. लेवीय पुस्तकात परमेश्वर आपल्या लोकांना बजावतो की जमीन त्याची आहे आणि ते सारे त्याच्याजवळ राहणारे परके व उपरे आहेत. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे तिथे पहिल्याच ओळीत लिहिले आहे.

गंमत म्हणजे 'पॅरिश' हा शब्दच पाहा. आपण तो अगदी ठासून वापरतो: आमची पॅरिश, तुमची पॅरिश, पॅरिशबाहेरचा. तो आला आहे ग्रीक 'पारोइकिया' या शब्दावरून. त्याचा अर्थ परक्या मुलखातला मुक्काम. 'पारोइकोस' म्हणजे गावात राहणारा पण गावचा नसलेला, उपरा. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती लोकांना याच अर्थाने उपरे म्हटले आहे. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्या स्वतःकडे तशाच पाहत. अर्थाने पाहिले तर 'पॅरिशबाहेरचा उपरा' असे म्हणताच येत नाही. उपऱ्यांचीच तर पॅरिश.

कबरीचाच विषय निघाला आहे तर अब्राहामाची गोष्ट आठवू. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात सारा मरण पावते. परमेश्वराने सारा देश ज्याला देऊ केला होता, त्या अब्राहामाकडे बायकोला पुरायला हातभर जमीन नव्हती. तो हेथाच्या वंशजांसमोर उभा राहतो आणि सांगतो की आपण इथे परके आहोत, आपल्याला कबरीपुरती जागा द्या. आणि ते लोक, मूर्तिपूजक, त्याच्या परमेश्वराला न ओळखणारे, काय म्हणतात? आमच्या कबरींतली चांगल्यात चांगली घे, आमच्यापैकी कोणी तुला नाही म्हणणार नाही. त्यांनी पत्र मागितले नाही. शेवटी अब्राहामाने हट्टाने ४०० शेकेल रुपे मोजून मकपेलाची गुहा आणि शेत विकत घेतले. वचनदत्त भूमीतली त्याच्या मालकीची पहिली जागा ही एक कबर होती. आपल्या श्रद्धेच्या बापाला कबर मागावी लागली होती, हे आपण दफनभूमीचे नियम करताना विसरतो.

दुसऱ्या टोकाला मत्तयाच्या शुभवर्तमानात आणखी एक दफनभूमी आहे. यहुदाने फेकून दिलेली चांदीची ३० नाणी याजकांनी उचलली, ती रक्ताचे मोल म्हणून मंदिराच्या तिजोरीत ठेवता येईनात. तेव्हा त्यांनी कुंभाराचे शेत विकत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी. आम्ही हे कितीदा वाचले असेल, पण या वर्षीच ते बोचले. परक्याची कबर गावाबाहेर, नको असलेल्या पैशातून. आणि ज्याच्या जिवाचे ते मोल होते, तो स्वतः अरिमथाईकर योसेफाने दिलेल्या कबरीत ठेवला गेला. प्रभूची स्वतःची कबर नव्हती.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया याचीही कबर वसईत नाही. इथे जन्मला, तरुणपणी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर मारले, त्यात तो होता. त्या २६ पैकी २० जण जपानी होते. जपानमधल्या ख्रिस्ती लोकांना वसई कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण गोन्सालोला ते आपला हुतात्मा मानतात. आज आपली मुले कुवेत, दुबई, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला आहेत, बोटींवर आहेत. तिथल्या देवळात ती मागच्या बाकावर बसत असतील. त्यांना कोणी ओळखते का, असा प्रश्न आयांनी आम्हाला फोनवर विचारला आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ५३ व्या प्रकरणात येणाऱ्या पाहुण्याला ख्रिस्त मानून घ्यावे असे सांगितले आहे. ते सगळ्यांना माहीत असते. त्याच प्रकरणात एक व्यवहारी गोष्ट आहे, ती कमी सांगितली जाते: गरीब आणि यात्रेकरू यांची काळजी विशेष घ्यावी, कारण श्रीमंतांचा दरारा त्यांना मान मिळवून देतोच. बेनेडिक्ट यांना माणसे चांगली कळत होती. गेल्या सणाला परगावचा एक धनिक आला तेव्हा पहिल्या बाकावर जागा झाली. कशी झाली, कोणी उठवले कोणाला, ते आपण पाहिले आहे. उठलेल्यांत एक वारली बाई होती आणि आम्ही वेदीवरून ते पाहून गप्प राहिलो.

राहिला जागेचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, म्हणून आम्ही रजिस्टर घेऊन बसलो. जागा कोणी अडवली आहे? भिंतीलगतच्या त्या एका मातीच्या कबरीने नाही. आपल्या दफनभूमीचा बराच मोठा भाग संगमरवरी कायमच्या कबरींखाली आहे. काहींत पंचवीस वर्षांत कोणाला ठेवलेले नाही. काही कुटुंबे मुंबईला वा परदेशी गेली, कबर मात्र राखून ठेवली आहे. उरलेले सारे धर्मग्रामस्थ राहिलेल्या जागेत आळीपाळीने झोपतात. हे लिहिल्याने काही घरांत आमच्याविषयी नाराजी होईल, याची कल्पना आहे. त्या घरांनी देवळासाठी खूप केले आहे हेही खरे. परंतु जागा नाही असे आपण परक्याला सांगतो, तेव्हा अर्धे खरे सांगतो. आपल्यातल्या काहींसाठी ती भरपूर आहे.

आमचे मत असे आहे की यापुढे नवी कायमची कबर कोणालाही देऊ नये, जुन्यांतील अस्थी कोनाड्यांत हलवण्याविषयी त्या त्या कुटुंबांशी बोलावे आणि भिंतीलगतची रांग, हद्दीत मरण पावणाऱ्या ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी मोकळी ठेवावी. पत्राची अट आम्ही आमच्यापुरती काढून टाकली आहे, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. बाकीचे पॅरिश कौन्सिलने ठरवायचे आहे. सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये होईल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य यावे. विशेषतः त्या आजोबांनी यावे, कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पूर्ण दिलेले नाही आणि विहिरींविषयी ते जे बोलले त्यावरही बोलायचे आहे.

जाता जाता एक काम. त्या लाकडी क्रूसावरचे नाव चुकले आहे. त्या रात्री फोनवर जसे ऐकू आले तसे आम्ही कागदावर उतरवले, रजिस्टरात लिहिले आणि तेच रंगवले गेले. त्याचा भाऊ आता दुसऱ्या कामावर पुण्याकडे आहे. मागच्या आठवड्यात त्याने एकेक अक्षर सांगून नाव दुरुस्त करून घेतले. तो रागावला नव्हता, उलट त्यालाच संकोच वाटत होता. रजिस्टर आम्ही दुरुस्त केले आहे. क्रूस सरळ करायचा आहे आणि नाव पुन्हा रंगवायचे आहे. काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश कार्यालयात ठेवला आहे. ज्याचे अक्षर चांगले आहे त्याने शनिवारी सकाळी यावे, कागदावर नीट लिहून ठेवलेले नाव त्याच्या हाती देऊ.

तुमचे फादर